एक स्लॉट सोडून

४ मार्च, सोमवार
नवा कॉम्प्युटर स्वतः जोडला. मदरबोर्ड, रॅम, सगळं साडूनं घेतलं तेच, त्याच दुकानातून. रॅमच्या पट्ट्या दोन, स्लॉट चार. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या. जोडी शेजारीच शोभते. मॅन्युअल उघडलं नाही, ते नवशिक्यांसाठी असतं.
बायकोला पहिलंच मोठं काम मिळालंय. एका शाळेची फिल्म एडिट करून शुक्रवारी द्यायची. तिला म्हटलं, बिनधास्त हो म्हण.

५ मार्च, मंगळवार
फिल्म अडखळते. आवाज पुढे जातो, चित्र मागे राहतं. बायकोनं तीच फाइल बहिणीकडे पाठवली, तर साडूच्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालली म्हणे. मेहुणीनं मुद्दाम फोन करून कळवलं. म्हणजे दुकानदारानं सदोष बोर्ड माझ्या गळ्यात मारला. तो म्हणतो, बोर्ड ठणठणीत आहे. म्हणणारच.

६ मार्च, बुधवार
साडूला बोर्डांच्या अदलाबदलीला राजी केलं. भिडस्त माणूस. खराब बोर्ड त्याच्याकडे गेला याचं वाईट वाटलं, पण तो कॉम्प्युटरवर नुसते पत्ते खेळतो. माझ्या पट्ट्या पुन्हा व्यवस्थित शेजारी-शेजारी बसवल्या.
संध्याकाळ. त्याचा सुसाट. माझा अडखळतोय. म्हणजे घरच्या विजेत खोट आहे.

७ मार्च, गुरुवार
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. वीज उत्तम आहे म्हणाला. बायकोनं हार्ड डिस्क पिशवीत घातली आणि बहिणीकडे निघाली. मनाला लावून घेऊ नका म्हणाली, जेवण फ्रीजमध्ये आहे. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
दुपारी साडूचा फोन. चाचरत विचारलं, पट्ट्या एक स्लॉट सोडून बसवल्यात ना, मॅन्युअलमध्ये चित्र आहे. मी म्हटलं, अर्थात. फोन ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो. उघडायचा धीर होईना.

८ मार्च, शुक्रवार
एक स्लॉट सोडला. कॉम्प्युटर पळायला लागला. कालच केलं असतं तर.
बायकोला फोन केला. म्हटलं, दोष सापडला, घरी ये, फिल्म इथेच पुरी कर. ती म्हणाली, फिल्म सकाळीच दिली, त्यांना आवडली, पुढचंही काम दिलंय. तेही ताईकडेच करीन, तिथे हात बसलाय. दोष काय होता हे तिनं विचारलंच नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, बऱ्यापैकी तांत्रिक.
कॉम्प्युटर चालूच ठेवलाय. काय करावं सुचेना, म्हणून कॅल्क्युलेटर उघडला. लगेच उघडला.