मले आणि मला

गुरुवार, पौष वद्य पंचमी

त्या बाईचं हसू अजून डोक्यातून जात नाही. आज चावडीतल्या टीव्हीवर, शेतीच्या कार्यक्रमात, आमचे थोरले दादा दिसले. सारा गाव जमला होता, दादाही आमच्यात बसले होते. दादा म्हणाले, "मले हरभऱ्याचं बियाणं घरचंच पुरते." निवेदिका हसली आणि पडद्यातून आमच्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे 'मला', बरं का!" बियाण्याबद्दल पुढे एक अक्षर विचारलं नाही. या लोकांना आमच्या बोलण्यातली फक्त चूकच ऐकू येते का? इस्त्रीची भाषा, इस्त्रीचं हसू.

बाहेर पडताच शेजारचा गणपत ओरडला, "काय मला-साहेब, चहा पाजता काय?" सगळे हसले. दादा खाली बघत चालत राहिले.

आणि मी या वहीत काय लिहितो? 'मला'च. शाळेत छडी खाऊन शिकलेलं. मग हा राग एकट्या त्या बाईवरच का?

घरी येऊन दादांनी देवापुढे दिवा लावला. रोज मोठ्याने म्हणतात, "देवा, मले अन् माह्या ढोरायले सांभाळ." आज "देवा, म..." म्हणून थांबले. मग नुसतंच "ढोरायले सांभाळ" म्हणाले आणि उठले.