कर्नल हॅलमची शिळा

ब्रॅनवुड, ४ ऑगस्ट २०२४

ती. विश्रामदादास,
नीलाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहायचं ठरवलं, ते माझ्याच पथ्यावर पडलं. इथे बोलायला आहे कोण? यतिन दिवसभर हॉस्पिटलात, सूनबाई ऋतिका आठवड्यातले चार दिवस सिडनीला. उरतो आम्ही दोघं, मी आणि समोरच्या कुरणातल्या मेंढ्या.

पण मला काम मिळालंय. दीडशे वर्षांपूर्वी या गावात कर्नल हॅलम नावाचा माणूस होऊन गेला. आधी सैन्यात, मग पश्चिमेच्या वाळवंटात तीन मोहिमा, शेवटी आमदार. त्याची स्मारकशिळा ३१ तारखेला उभी राहायची आहे. त्याने बहिणीला लिहिलेली पत्रं लायब्ररीत आहेत, पण त्याचं लपेटीदार अक्षर इथल्या कुणालाच लागत नाही. तीस वर्षं शाळेचे पेपर तपासलेल्या मला ते काय अवघड! लायब्ररीतली जॉइस चहा करते, मी वाचून उतरवून काढते.

परवा मात्र हात थांबला. डन नावाचा मोहिमेतला स्वयंपाकी पाय सुजून चालेनासा झाला. चार दिवसांचं पाणी आणि थोडं पीठ देऊन त्याला एका झाडाखाली ठेवून हे पुढे गेले. परत येऊ, असं सांगून. आणि परतले ते दुसऱ्याच वाटेने. शिळेवर काय कोरलंय माहीत आहे? ‘याने कधी कुणाला मागे सोडलं नाही.’ स्मारक समितीच्या अध्यक्षांना पत्र दाखवलं, तर म्हणाले, नो वरीज नीला, आता दगड कोरून झालाय.

काय करू, सांग. आणि ताईची काही खबर? तळेगावच्या वृद्धाश्रमातून मला दोन महिन्यांत ओळ नाही.

तुझी माया आहेच, तिला खंड नको.
नीला

---

कॅसल हिल, सिडनी, १३ ऑगस्ट २०२४

चि. नीला हिस,
अनेक आशीर्वाद.

मेंढ्यांना अजून पाढे शिकवायला घेतले नाहीस, हे नशीब त्यांचं.

माझा सल्ला विचारतेस तर गप्प बस. आपण इथे मुलांच्या घरी आलेली माणसं. त्यांचा कर्नल, त्यांचा दगड. मी भूमापन खात्यात जन्म काढला; नकाशात चूक दाखवणाऱ्याला कुणी शाबासकी दिलेली मी पाहिली नाही.

इकडे सगळं ठीक. नचिकेत सातला गाडी काढून पॅरामॅटाला जातो, तो अंधार पडल्यावर येतो. ईशानी इंग्रजीत भराभर काहीतरी सांगते, मी हसून मान डोलावतो. परवा उशिरा कळलं, आजोबा तुमचा चहा सांडतोय, असं सांगत होती पोर. तेव्हापासून मी खोलीतच चहा घेतो.

ताईचं म्हणशील तर आश्रमाकडून काही नाही, म्हणजे बरीच असणार. जायचं मनात आहे. जरा ऊन पडू दे.

तब्येतीला जप. आठवण ठेव.
विश्राम

---

ब्रॅनवुड, २ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. रागावू नकोस.

शनिवारी शिळेपाशी चाळीसएक माणसं जमली होती. वारा असा की खुर्च्या धरून बसावं लागत होतं. हॅलमचं एक पत्र मी वाचायचं, असं ठरलेलं, उंटांच्या गमतीचं. मी उभी राहिले आणि डनचं वाचलं. शेवटी हॅलमने लिहिलंय की डनने एका शब्दाने दोष दिला नाही. तुम्ही ज्या बाजूने परत याल तिकडे तोंड करून मला बसवा, एवढंच तो म्हणाला. मग त्या माणसाने बहिणीला लिहिलंय, बाई, तो अजून तसाच बसलेला मला रोज दिसतो.

दादा, टाळी पडली नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हॅट काढून छातीशी धरली. अध्यक्ष तडक गाडीकडे गेले. चहाच्या टेबलाशी माझ्या बाजूला जॉइस तेवढी आली. उद्यापासून तुला लायब्ररीची किल्ली मिळेलसं वाटत नाही, म्हणाली. मिळाली नाहीच. यतिन म्हणाला, आई, मला याच गावात प्रॅक्टिस करायचीय. त्याचंही खरंच आहे.

पण घरी येऊन मी रडले ती त्यासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी ताईला आश्रमात पोचवलं तेव्हा दिवाळीला येतो असं आपण दोघांनी सांगितलं होतं. ती हसून हो म्हणाली होती. दोन दिवाळ्या गेल्या. माझ्या व्हिसाचा निकाल लागेपर्यंत मला देश सोडता येत नाही. तुला येतो. आणि दादा, ऊन तर केव्हाचं पडलंय.

हे लिहिलं म्हणून दूर लोटू नकोस.
नीला

---

तळेगाव, २० ऑक्टोबर २०२४

चि. नीला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात ठेवून फिरलो. पाचव्या दिवशी नचिकेतला तिकीट काढायला सांगितलं.

ताई फार वाळली आहे. पहिले दोन दिवस तिने मला डॉक्टर समजून जीभ काढून दाखवली. तिसऱ्या दिवशी मी तिला काहीतरी तीनदा विचारलं, तर ती एकदम खेकसली, विश्राम, कान कुठे ठेवून आलास? नीला, दोन वर्षांत माझ्या नावाने मला असं कुणी ओरडलं नव्हतं. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

मी परत येत नाही. आश्रमातच खोली घेतली आहे. नचिकेतला कळवलं, तो बराच वेळ बोलत होता, मला ऐकू आलं नाही, पण रडत असावा. त्या देशात आता तू एकटी पडलीस, हे मला कळतं. तुझा निकाल लागेपर्यंत ताईजवळ कुणीतरी आहे, एवढंच देऊ शकतो.

यापुढे इथल्या पत्त्यावर लिही. तुझं पत्र मी ताईला वाचून दाखवतो. बहिऱ्याचा आवाज, त्यामुळे अख्खा मजला ऐकतो. शेजारच्या बाई कालच विचारत होत्या, नीलाचं पुढचं कधी येणार? तेव्हा पुष्कळ लिही, आणि जरा मोठ्या अक्षरात.

आम्हा दोघांची माया.
विश्राम