‘आवडे छे’ म्हणजे येतं का?

शुक्र. ८ डिसें. ९५

सोमवारी अकराला मुलाखत. पत्र पुन्हा वाचलं. मराठी माध्यम, प्राथमिक विभाग, डिंडोली, सुरत. मूळ प्रमाणपत्रं आणावीत. जाण्यायेण्याचा खर्च मिळणार नाही. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली आहे, म्हणजे आधी कोणीतरी मागितला असणार.

शाळेत रजेचा अर्ज दिला. ‘बिनपगारी रजा मिळावी’ लिहिताना हसू आलं. आमची शाळा विनाअनुदानित, सहा वर्षं झाली, अनुदान येणार येणार म्हणून शिकवतोय. पगारच नाही तर रजा बिनपगारी नसून करते काय. हेडसर म्हणाले, जाऊन या बाई, पण परत या.

सा.बाईंचं तोंड फुगलेलं. ‘त्या रोगना गावमा,’ एवढंच म्हणाल्या. मागच्या वर्षी प्लेगच्या वेळी हे तोंडाला रुमाल बांधून घरी आले होते, तेव्हापासून सुरत म्हटलं की त्यांना तो रुमाल दिसतो. पमी आजीजवळ राहायला तयार आहे. फक्त शाईचं पेन आण म्हणाली.

ह्यांचं कार्ड आलंय. ‘ये. उधन्याला उतर. स्टेशनवर येतो.’ बस. नऊ वर्षं हे सुरतेत आहेत, दिवाळीला नि आखाजीला येतात, आठ दिवस राहतात. मी एकदाही गेले नाही. बोलावलंच नाही. आताही बोलावलं असं नाही, मीच जाहिरात बघून अर्ज केला नि मग कळवलं. ‘ये’ या शब्दात आनंद आहे की नाही, कळत नाही.

शनि. ९

दोंडाईच्याहून पॅसेंजर. बायकांच्या डब्यात जागा मिळाली, तीसुद्धा खिडकीची. दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, समोरच्या बाईंनी पेरू दिला. नवापूरच्या पुढे पाट्यांवरच्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ गेली. वाचता येतंय असं वाटतं, मग मधलंच एखादं अक्षर अडतं. मीही मुलांना पहिलीत असंच अडताना बघते. आज कळलं कसं वाटतं.

उधन्याला हे उभे. पॅन्ट, इन केलेला शर्ट, खिशाला पेन. गावी आले की पायजम्यात असतात. एक क्षण ओळखलंच नाही. पिशवी घेतली, ‘त्रास नाही ना झाला’ विचारलं नि रिक्षावाल्याशी गुजरातीत बोलायला लागले. फाडफाड. तो काहीतरी म्हणाला, हे मोठ्यानं हसले. मी बघतच राहिले. घरी असे हसत नाहीत.

पांडेसऱ्यात खोली. एकच, वर सिमेंटचा पत्रा, तीन माणसं राहतात. ह्यांचे जोडीदार दोघं बीडकडचे, ते माझ्यामुळे चार दिवस मित्राकडे झोपायला गेले. जाताना खोली झाडून, भांडी घासून गेले आणि बशीत साबणाची नवी वडी, कागद काढून ठेवलेली. मी न भेटलेल्या त्या दोघांना मनातल्या मनात नमस्कार केला.

स्वयंपाक ह्यांनी केला! मला कॉटवर बसवलं. वरण, भात, वांग्याची भाजी, आणि भाकरी. भाकरी गोल. फुगली सुद्धा. घरी पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो या माणसाला. नोंद करून ठेवते आहे.

नखं हिरवी झालीत. विचारलं तर म्हणाले, या आठवड्यात कारखान्यात कापडाला हिरवा रंग चालू आहे. दिवाळीच्या आधी जांभळा होता.

रवि. १०

ह्यांना आज सुटी. सकाळी नळावर शेजारच्या लीलाबाई भेटल्या. यवतमाळच्या, नवरा बांधकामावर. माझ्याकडे खालून वरपर्यंत बघून घेतलं, मग स्वतःची आधी लावलेली बादली काढून माझी लावली. चाळीतली सगळी माणसं ह्यांना भाऊ म्हणतात. ह्यांनी लीलाबाईंच्या मुलाचा शाळेचा फॉर्म भरला, रेशनकार्डासाठी खेपा घातल्या. ‘लय हसवतेत तुमचे घरवाले बाप्पा,’ लीलाबाई म्हणाल्या, ‘भाऊ गावाले गेले का चाळीत करमत नाई.’

मी हो हो म्हटलं. आत जरा कुठेतरी लागलं. माझ्या नवऱ्याबद्दल मला ही बाई सांगते आहे. आणि थोडं बरंही वाटलं, म्हणजे आपण बरा माणूस केला. दोन्ही एकदम.

दुपारी उद्याची वाट बघून ठेवायला डिंडोलीला गेलो, पायीच. खाडीचं पाणी एका पुलाखाली लाल, पुढे काळपट. वास आहे. मी पदर लावला, ह्यांना काहीच वाटत नाही. शाळा सापडली, बंद होती. कुंपणाच्या आत दोन रांगा खोल्यांच्या, एक कडुनिंब, भिंतीवर मराठीत बाराखडी. मराठी पाटी बघून गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. गल्लीत तर सगळं आपलंच बोलणं. एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, ‘जेवन व्हयनं का?’ मी व्हयनं म्हटलं नि मग लक्षात आलं, ती मला म्हणालीच नव्हती, पलीकडच्या सुनेला म्हणत होती.

येताना पोंक खाल्ला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण हे लोक त्यावर शेव नि लिंबू घालतात. चांगला लागतो. खाताना विचारून टाकलं, इतकी वर्षं मला कधी का नाही बोलावलं? ह्यांनी पुडीतले दाणे बोटानं एका बाजूला केले. म्हणाले, ‘उद्याचं होऊ दे आधी.’

सोम. ११

झाली मुलाखत. जसं आठवेल तसं लिहून ठेवते.

हे पहिल्या पाळीला अर्धा दिवस रजा टाकून सोडायला आले. फाटकाशी म्हणाले, आत येत नाही, माझ्या कपड्यांना रंगाचा वास असतो. कपडे तर धुतलेले होते.

पाच जणी होतो. एक नवसारीची, इथेच वाढलेली, दोन्ही भाषा सारख्याच बोलते, पंचविशीची. तिला बघितलं नि मी मनात पहिला नंबर देऊन टाकला.

आत तिघं. हेडसर मराठी, चष्मा कपाळावर. एक बाई, त्या कागदच तपासत होत्या. नि मधे संस्थेचे शेठ, पांढरा सफारी, हसरे. सहा वर्षं पगाराशिवाय कसं शिकवलंत, हेडसरांनी विचारलं. मी म्हटलं नवरा रंगखात्यात आहे म्हणून. त्यांनी मान हलवली. मग शेठनी विचारलं, ‘तमने गुजराती आवडे छे?’

मी म्हटलं, हो, खूप आवडते, गोड भाषा आहे.

शेठ खूश. मग ते जे गुजरातीत सुरू झाले ते थांबेचनात. मी हसऱ्या तोंडानं बसलेली. शेवटी त्यांनी प्रश्न विचारला असावा, कारण तिघंही माझ्याकडे बघायला लागले. हेडसरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला नि म्हणाले, ‘बाई, आवडे छे म्हणजे येतं का, असं विचारलं त्यांनी.’

मी म्हटलं, ‘येत नाही, सर. आवडते मात्र खरंच.’

शेठ इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावला. कागदवाल्या बाई सुद्धा हसल्या. मला वाटलं संपलं. पण त्यांनी दुसरीच्या वर्गावर पाठ घ्यायला पाठवलं.

वर्गात पन्नासएक मुलं. पाठ ‘माझे घर’. घरात कोण कोण असतं विचारलं. कोणी बोलेना. नवीन बाई, मागे हेडसर उभे. एकानं आई सांगितलं, एकानं बाबा, पुस्तकातल्यासारखं. मग मी फळ्यावर ‘मुलगी’ लिहिलं, विचारलं, तुमच्या घरी मुलीला काय म्हणून हाक मारतात? पुढच्या बाकावरून आंडेर आलं, खिडकीकडून पोरगी, लेक, पोट्टी, नि एकानं छोकरी सांगितलं. मी सगळं फळ्यावर लिहीत गेले. फळा भरला. आंडेर ऐकून चार पोरं ओरडली, आमच्याकडे पण आंडेर. एक मुलगी उभी राहून म्हणाली, माझी आजी मला ‘काळतोंडी’ म्हणते. तेही लिहिलं. वर्ग खदखदून हसला, तीही हसली. घंटा झाली. ‘माझे घर’ची पहिली ओळ सुद्धा वाचून झाली नव्हती.

हेडसर फळ्याकडे बघत होते. म्हणाले, प्रमाण मराठीच्या वर्गात हे असलं फळ्यावर? तपासणीला साहेब आले तर काय सांगायचं? मी म्हटलं, ‘पुसायला दोन मिनिटं लागतात, सर. बोलती करायला जास्त लागतात.’ बोलून गेले. इतकं बोलायला नको होतं. डस्टर त्यांनी स्वतः घेतलं नि फळा पुसला.

फाटकाबाहेर हे उभेच. साडेतीन तास. कामावर गेलेच नाहीत.

मंगळ. १२

काल रात्रीपर्यंत मी आवडे छे सांगितलं नव्हतं. आज चहाच्या वेळी सांगितलं. हे हसता हसता खोकले. म्हणाले, मी पहिल्या वर्षी मुकादमाला हेच म्हटलं होतं. त्यानं विचारलं मशीन चालवता आवडे छे, मी म्हटलं फार आवडते. दुसऱ्या दिवशी मशीनवर उभं केलं, बंद कसं करतात ते ठाऊक नाही. आम्ही दोघं इतके हसलो की लीलाबाई विचारायला आल्या.

ह्यांनी आजचीही रजा टाकली होती, मग बाजारात गेलो. पमीला फ्रॉकसाठी कापड नि पेन. कापडाच्या दुकानात हे बोटानं चोळून रंग पक्का आहे की नाही सांगतात, दुकानदार त्यांच्याशी वाद घालत नाही. मला अभिमान वाटला, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

परत येताना खाडीवरच्या पुलावर थांबलो. न विचारता बोलले.

‘तिकडे तू बाई आहेस. गावात कोणीही भेटलं तरी नमस्कार बाई म्हणतं. इथं आणलं असतं तर भाऊची बायको झाली असतीस, नळावर बादली घेऊन. म्हणून नाही बोलावलं.’

मी विचारलं, आणि आता? म्हणाले, आता तू बाई म्हणून येतेस. ते वेगळं.

मला रागही आला. नऊ वर्षं हे एकट्यानं ठरवून बसले, मला विचारलं असतं तर मी बादली घेऊन उभी राहिले असते. मी तसं बोललेही. ते म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच विचारलं नाही. खाडीचं पाणी आज निळं होतं.

बुध. १३

परतीची गाडी. स्टेशनवर ह्यांनी डब्यात चढून जागा धरून दिली. उतरताना म्हणाले, नोकरी नाही मिळाली तरी आखाजीच्या सुटीत ये, पमीला घेऊन. बोलावलं. मी मोजून सांगू शकते, पहिल्यांदा.

जोडीदारांपैकी एक जण भेटायला स्टेशनवर आला होता, मी साबणाचं नाव काढलं तर लाजला. नंदुरबारपर्यंत झोप. घरी सा.बाईंनी पमीला दोन वेण्या घातलेल्या, इतक्या घट्ट की पोरीचे डोळे ताणलेले.

शुक्र. २२

काही पत्र नाही. शाळेत चौथीची चाचणी. आवडे छेची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली, आता सगळे मला तेच विचारतात. हेडसर म्हणाले, अनुदानाची फाइल पुण्याला गेली आहे, या खेपेला नक्की. दरवर्षी फाइल जाते.

शनि. ३०

दोन्ही पत्रं एकाच दिवशी.

सुरतेची शाळा. या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. (नवसारीची. ठीक आहे, ती चांगली होती.) जूनपासून दुसरीची आणखी एक तुकडी काढण्याचा विचार आहे. आपली तयारी असल्यास पंधरा जानेवारीपर्यंत लेखी कळवावे. खाली हेडसरांच्या हातानं वेगळ्या शाईत: ‘तोवर गुजराती शिकावे.’

ह्यांचं पत्र दोन पानी. पहिल्यांदा दोन पानी. लग्नाला दहा वर्षं झाली, एका कार्डावर अर्धी जागा रिकामी ठेवणारा माणूस. डिंडोलीत एक खोली बघितली आहे, मागे छोटी जागा आहे, खिडकी पूर्वेला. ठरवलेलं नाही, नुसती बघितली. तुझं तू ठरव, असं दोनदा लिहिलंय.

अनुदान आलं तर इथली सहा वर्षं कामी येतील. गेले तर ती गेली. आणि तुकडी निघालीच नाही तर? नि सा.बाई? त्यांनी हे गाव लग्नानंतर सोडलेलं नाही. इथल्या मुलांचं काय, तिसरीचा वर्ग मी पहिलीपासून वाढवला आहे. एका कागदावर इकडचं नि तिकडचं लिहायला घेतलं, तिकडच्या रकान्यात पहिलं लिहिलं ‘हे हसतात’ नि पेन खाली ठेवलं.

पत्रं वाचून दाखवली नव्हती, पण सा.बाईंना कळलंच. मी गहू निवडत होते. शेजारी येऊन बसल्या, सुपातले खडे वेचायला लागल्या. म्हणाल्या, ‘तू तठे जाशी त आठे मी काय करसू?’ मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. त्यांनी एक खडा दाराबाहेर टाकला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं,

‘तठे दादर भेटस का वं?’

दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. भाकरीची. भेटते म्हटलं. डिंडोलीत गिरणीवर पाटीच आहे.

‘मंग ठीक,’ म्हणाल्या नि सूप माझ्याकडे सरकवलं. काय ठीक, ते मी विचारलं नाही.