काळी एक की पांढरी दोन

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१२ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप लवूदादास, सुगंधाचा नमस्कार (साष्टांग घालायला जागा नाही, तुझ्या टू-इन-वनने निम्मी खोली अडवली आहे). मस्कतच्या उन्हात तब्येत कशी आहे? आईचे गुडघे सोडले तर इथे सगळं खुशाल. कंपनीच्या करारावर आणखी तीन वर्षांची सही करू का, असं तू बाबांना विचारलंस. उत्तर याच पत्रात आहे, पण आधी काय घडलं ते ऐक.

तुझ्या कंपनीतला कुंडलिक सुट्टीवर आला तो तुझं यंत्र आणि तुझ्या आवाजाची कॅसेट घेऊनच. आईने हळदकुंकू लावलं (यंत्राला, कुंडलिकला नव्हे). तुझा आवाज ऐकायला आम्ही कान टवकारून बसलो, बाबांनी बटण दाबलं आणि आतून भलतंच वाजायला लागलं. तुझ्या साहेबाची कॅसेट (वर त्याचं नाव आहे) आतच राहिली होती रे! तारा नखाने छेडाव्यात तसं काहीतरी, एकटं आणि संथ. आई म्हणाली, "लवू बोलणा कित्याक नाय?" बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. संपलं तरी कुणी उठेना. मला तर भीतीच वाटली, एवढं मोठं दुःख कुणी इतक्या शिस्तीत कसं सांगू शकतं!

तळमजल्यावरच्या फिलोमिना टीचरनी (त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात) कॅसेटवरचं लेबल वाचून सांगितलं, की ही सोनाटा, म्हणजे एकट्या वाद्याची रचना, अडीचशे वर्षांपूर्वीची, पियानोच्याही आधीच्या वाद्यावरची, आणि सूर म्हणजे आपल्या पेटीची पांढरी दोन. झालं! बाबांनी भजनाची पेटी काढली, तर कॅसेट वाजत होती काळी एकमध्ये. चक्क अर्धा सूर खाली. बाबा एक वेळ देवावर शंका घेतील, पण पेटीवर नाही. "यंत्र हळू चलताहा," असं म्हणून त्यांनी मोटरचा स्क्रू पिळायला घेतला, तो सूर पांढरी दोनला टेकेपर्यंत. सूर जुळला, पण गाण्याची वाट लागली. सुतकातली बाई बस पकडायला धावत सुटावी तसं ते ऐकू यायला लागलं. बाबा अस्वस्थ झाले, पण पेटी म्हणेल ते खरं!

त्याच पळत्या चालीवर मग तुझी कॅसेट लावली. अरे, किती खुशीत बोलतोस तू! खोली झकास, जेवण झकास, काळजी करू नका. आईचा चेहरा फुलला. बाबा म्हणाले, "माझो झील खुशीत आसा. करूंदे सही." तर हे तुझं उत्तर.

दुसऱ्या दिवशी ती धावती सोनाटा जिन्यातून ऐकून टीचर धापा टाकत वर आल्या. त्या काळी तिकडे सूरच खाली लावत म्हणे, आणि आता काही वादक मुद्दाम तसाच लावून वाजवतात. म्हणजे यंत्र बरोबर होतं. बाबांनी विचारलं, "मगे माझी पेटी चुकीची?" टीचर म्हणाल्या, "पेटी पण बरोबर, ते पण बरोबर." बाबांनी स्क्रू उलटा फिरवून यंत्र पुन्हा काळी एकवर आणलं. कॅसेट लावली, आणि पहिल्यांदा ऐकली तेव्हाची ती शांतता खोलीत परत आली. बाबांनी चक्क हात जोडले.

मग ते पेटीशी बसले. एक हात भात्याला गेला तर सोनाटा वाजायची कशी? तिला दोन्ही हात लागतात. म्हणून भाता मी मारला आणि बाबांनी दोन्ही हातांनी चाचपडत सुरुवातीचा तुकडा वाजवला. चुकले, थांबले, पुन्हा वाजवलं. दादा, ज्याचं नावही आम्हाला धड उच्चारता येत नाही असा अडीचशे वर्षांपूर्वीचा कुणी माणूस त्या वेळी आमच्या खोलीत येऊन बसला होता. मला तरी तसंच वाटलं.

जपून राहा, पोटभर जेव आणि आम्हाला लिहीत राहा.

तुझी,
सुगंधा

ता. क. साहेबाला सांग, कॅसेट सुखरूप आहे, पण बाबा सोडत नाहीत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात आईने तुझी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. या वेळी यंत्र नीट चालीवर होतं. शब्द तेच रे, खोली झकास, जेवण झकास. पण केवढा थकलेला आवाज! दोन शब्दांच्या मध्ये किती थांबतोस तू! आई पदर तोंडाला लावून बसली आहे. वर लिहिलेलं उत्तर खोडून टाक. बाबा शेजारी उभे राहून सांगताहेत ते जसंच्या तसं लिहिते: "झिलाक कळव, सही करू नको. घराक ये."