तंबाखूची ऊब लागलेली कॉफी

बेळगाव, ता. ६ डिसेंबर १९८१

ती. अण्णांस आणि वाडीतल्या सगळ्या कॉफीवाल्यांस,
वासंतीचा सप्रेम जयभीम वि. वि.

अण्णा, हे पत्र एकट्यानं वाचू नका. सगळ्यांना समाजमंदिरासमोर बसवा आणि मोठ्यानं वाचा.

बांधवांनो, आयाबायांनो! सरकारनं दिलेल्या माळावर, फणसाच्या सावलीत ही झाडं तुम्ही जगवलीत. ओढ्याचं पाणी डोक्यावरून तुम्ही वाहिलंत. आणि एजंट येतो, अंगणात वाळत घातलेली फळं पायाच्या अंगठ्यानं उकरतो, नाक मुरडतो आणि भाव सांगून निघून जातो. माल तुमचा आणि जीभ त्याची, हे कुठवर चालायचं?

यंदा फक्त लाल फळ तोडा. त्याच संध्याकाळी साल काढा, बी भिजत ठेवा, चिकटा सुटला की धुवा आणि कडक उन्हात वाळवा. अशी धुतलेली कॉफी कॉफी बोर्डाच्या डेपोत वरच्या प्रतीत घेतात. साल काढायचं हातयंत्र मी इथल्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ओतवून घेतलंय, शनिवारच्या गाडीच्या टपावर चढवते. दांडा शेवंतावहिनींनीच फिरवावा. अण्णा, तुमच्या हाती दिला तर तुम्ही दर फेऱ्याला तंबाखूला चुना मागाल!

लोभ आहेच. माझ्या बडबडीनं तो आटू देऊ नका.
तुमची वासंती

*

वाडी, ता. ३ जानेवारी १९८२

चि. वासंतीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं कळत नाही. यंत्र झकास चाललं. बी अशी स्वच्छ निघाली की तुझी वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होती. पण आपल्या खोऱ्यात ऊन उशिरा येतं आणि लवकर डोंगराआड जातं. वरून दव. बी वाळेचना. तेव्हा माझे सासरे भरमूमामा म्हणाले की निपाणीत ऊन लई कडक, माझ्या वखारीच्या अंगणात आणा. साऱ्या वाडीचा माल तिकडं नेला.

मामांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. त्यांनी बी वाळवली ती नीट वाळवली. मग मायेनं तिचा वखारीत ढीग घातला, गोणपाटं पांघरली आणि तंबाखूला देतात तशी ऊब दिली. डेपोतल्या साहेबानं ती भाजली, उकळली, घोट घेतला, थुंकला आणि विचारलं की ही कॉफी आहे की विडी. सगळी पोती मामांच्या वखारीत परत आली. साहेब खोटं बोलला नाही गं. मी पण पिऊन बघितली.

आता माणसं ऐकत नाहीत. फणसाचं लाकूड घेणाऱ्या कंत्राटदाराला त्यांनी बोलावलंय. खोडांवर चुन्याच्या खुणा झाल्यात. मंगळवारी, बारा तारखेला, करवती येणार. सावली गेली की कॉफी उन्हाळ्यात जळून जाईल. मी आडवा गेलो तर म्हणाले की तुझी बहीण भाषण करती आन् आमची पोरं उपाशी निजत्यात.

आशीर्वाद पाठवतोय. माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही.
तुझा भीमाप्पा

*

बेळगाव, ता. ७ जानेवारी १९८२

ती. अण्णांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

काल निपाणीला गेले होते. भांडायलाच गेले होते, पण भांडता आलं नाही. भरमूमामा त्या पोत्यांशेजारी बसलेत, जेवत नाहीत. मला विचारत होते की तंबाखूला ऊब दिल्याबिगर वास येत न्हाय, मग ह्या बीचं असं कसं झालं. मी सांगितलं की कॉफी शेजारचा वास ओढून घेते. ते म्हणाले की मग मी मेल्यावर मला तिच्यापासून लांब पुरा. हसावं की रडावं, अण्णा?

पण झाडावर शेवटची तोडणी अजून आहे! ती फळं आता लाल झाली असतील. वाळवायला इथं बेळगावजवळ सांबऱ्याला माझ्या शाळेतल्या सोबतिणीची गच्ची मिळाली आहे, दिवसभर ऊन आहे. एक पोतं जरी वरच्या प्रतीत गेलं, तरी करवतीला नाही म्हणायला तोंड राहील. पुस्तकं वाचून, सभा गाजवून मी एवढंच शिकले की हरलेल्या माणसाकडून सगळं स्वस्तात काढून घेतात. लोकांना बसवा, हे वाचून दाखवा. मी तुमच्या पाया पडते.

रागावला असलात तरी बहीण म्हणून ठेवा.
वासंती

*

वाडी, ता. १० जानेवारी, रविवार

वासंतीवन्सं यांस शेवंताचा जयभीम वि. वि.

टपालाला सवड नाही, म्हणून संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी देते.

तुमचं पत्र ह्यांनी वाचायला घेतलं. चार ओळी झाल्या आणि माणसं उठून गेली. एकजण म्हणाला की कागद चुलीत घाला, तेवढीच पोरांना ऊब. यंत्राला कुणी पुरुष हात लावणार नाही असं ठरलंय. तुमचे भाऊ कालपासून भिंतीकडं तोंड करून पडलेत.

मी बायकांना गोळा केलं. पण बोलायला उभी राहिले की माझ्या बापाचं नाव निघतं आणि माझी मान खाली जाते. तरी बायकांनी माझं ऐकलं. उद्या उजाडता आम्ही लाल फळं तोडणार आहोत, पुरुषांना न विचारता. तोडल्यावर फळं थांबत नाहीत, त्याच संध्याकाळी सोलावी लागतात, हे तुम्हीच सांगितलंय. साल काढून ओली बी सांबऱ्याला न्यायला आमच्यासंगं कुणी नाही. मंगळवारी करवती आल्या तर त्यांच्यापुढं उभं राहायचं बळ बायकांना कुठून येणार, मला ठाऊक नाही.

माया कमीजास्त झाली असेल, ते मागाहून बघू. वन्सं, आता पत्र लिहू नका. उद्या पहिल्या गाडीनं या आणि यंत्राचा दांडा धरा.

शेवंता