तिसरा रकाना

प्रिय बाबा,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. अल्बेनियन भाषेतला कोणता शब्द लॅटिनमधून आला आणि कोणता तिचा मुळातला, हे ओळखणारा प्रोग्रॅम मी तुमच्या व्युत्पत्तिकोशासाठी लिहिला.
२. त्याला शिकवलं शब्दांपुढे तुम्हीच केलेल्या ‘लॅटिन’ किंवा ‘मुळातला’ अशा खुणांवरून.
३. तो जवळजवळ प्रत्येक शब्दावर तुमच्याशी सहमत झाला. आपण खूश.
४. मग तुमच्या खुणा काढून, फक्त उच्चारबदलाचे नियम देऊन मी तो पुन्हा चालवला. बरेच शब्द अधांतरी राहिले.
५. "झालं खोडरबरचं सुरू," म्हणून तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत.

तेव्हापासून जेवताना तुम्ही मीठसुद्धा मागत नाही, उठून घेता. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे.

‘मिक’ म्हणजे मित्र, तो लॅटिन ‘अमीकुस’वरून आला, त्यावर आपलं भांडण नाही. पण ‘व्येतर’, म्हणजे जुना? तो लॅटिनमधून आला असेल, किंवा वर्षाला त्यांचा स्वतःचा ‘व्येत’ हा शब्द आहे, त्यातून घरच्या घरी वाढला असेल. तुम्ही बेधडक ‘लॅटिन’ लिहिलंत. प्रोग्रॅमने मान डोलावली, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. आपण आपलीच टिमकी वाजवली, बाबा.

पूर्वी आपण दोघं वेगळ्या खोल्यांत बसून खुणा करायचो आणि मगच कागद शेजारी ठेवायचो. ही शिस्त तुमचीच. प्रोग्रॅम आला आणि ती सुटली.

आई घर सोडून गेली तेव्हा ती कधी येणार, असं मी विचारायचे. तुम्ही म्हणायचात, सोमवारी. मी सोमवारी खिडकीत बसायचे. मायेपोटी म्हणत होतात, ते कळतं मला. पण ‘ठाऊक नाही’ म्हणाला असतात, तर खिडकीऐवजी तुमच्याजवळ येऊन बसले असते.

प्रस्तावनेत प्रकाशकांना एक वाक्य हवंय: प्रोग्रॅमने सर्व निर्णय स्वतंत्रपणे पडताळले. त्याखाली माझी सही. ती मी करणार नाही. कोशात ‘लॅटिन’ आणि ‘मुळातला’ यांच्याशेजारी ‘ठाऊक नाही’ असा तिसरा रकाना आला, तर वाक्य बदलून सही करेन. नाही आला, तर माझं नाव काढून टाका. अधांतरी शब्दांची एक प्रत दाराशी ठेवली आहे. दुसरी घेऊन मी स्वयंपाकघरात बसते. तुमच्या खुणा करून कागद गुरुवारपर्यंत द्या.

तुमचीच,
खोडरबर