सदतिसातली एक

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. जिने चढू नका म्हणावं, ऐकणार नाहीतच, पण म्हणावं.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याला चाचणीचे पेपर कारण, असं लिहिणार होते. पेपर केव्हाच तपासून झालेत. तू भिंगरीसाठी पलंग बघून ठेवलास हे वाचलं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

शाळेचं ठीक चाललंय. सातवीला विभाजक संपवून परिमेय संख्यांवर आलेय. दरवर्षीप्रमाणे अर्ध्या वर्गाचं ठाम मत, की एक तृतीयांश हे एक द्वितीयांशापेक्षा मोठं, कारण तीन दोनापेक्षा मोठे. मी म्हटलं, "बरं, मग चॉकलेटचा तिसरा हिस्सा तुम्ही घ्या, अर्धं मला द्या." लगेच सगळ्यांना अक्कल आली. खाण्याचा प्रश्न आला की पोरं कधी चुकत नाहीत बघ.

विभाजक मात्र मी फळ्यावर शिकवतच नाही. मुलांना मैदानात नेते. "चारच्या रांगा करा" म्हटलं की धावाधाव, ढकलाढकली. सगळे रांगेत बसले तर चार हा विभाजक, कोणी उरलं तर नाही. पाठ करावं लागत नाही, पायांनाच समजतं. यंदा वर्गात सदतीस मुलं. मूळ संख्या! दोनच्या करा, तीनच्या करा, चारच्या, सहाच्या, नऊच्या, दर वेळी एक उरतंच. मला तर पर्वणीच वाटली. मूळ संख्या शिकवायला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार?

आता उरणारं कोण, हा प्रश्न आला. कुणाच्या आईने उद्या येऊन विचारायला नको, की माझंच मूल का बाजूला काढलंत. म्हणून मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "भिंगरी, तू बाजूला हो." पोटची लेक, समजून घेईल. ती नळापाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. पुढे सांगावंच लागेना. मी "रांगा करा" म्हटलं की ती आपली नळाकडे चालू लागे. मला वाटलं, किती समजूतदार पोर.

तुला माहीत आहे माझा स्वभाव. बाईंची लेक म्हणून तिला झुकतं माप मिळतंय असं कुणी म्हणू नये, एवढीच मला धास्ती. तिने हात वर केला तरी मी दुसऱ्याला विचारते. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं वर्गाला लागावं म्हणून मी लेकीलाच बोलत आले. ह्यांची बदली झाल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि शाळेतही ती माझ्याच वर्गात. म्हणजे तिला दिवसभरात बाईच जास्त मिळाल्या, आई कमी.

गेल्या महिन्यात दाढ दुखते म्हणून ती एक दिवस घरी राहिली. मैदानात छत्तीसजण. दोनच्या रांगा बसल्या, तीनच्या बसल्या, चार, सहा, नऊ, सगळ्या बसल्या. मुलं नाचायलाच लागली. आमचा मॉनिटर ओरडला, "बाई, आज भिंगरी नाही म्हणून सगळं बसतंय!" आणि ताई, मी हसले. हसून वर म्हणाले, "बघा, एक कमी झाला की संख्या कशी गुणी होते!"

गणित बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते. ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी नसले की संख्या गुणी होते?" मी म्हटलं, "अगं, छत्तीसला विभाजक किती आहेत ते मोज ना." हे माझं उत्तर! तिने मान हलवली आणि आत गेली. त्यानंतरच तिने तुला फोन केला असणार, आईची शाळा नको, मावशीकडे येते म्हणून. तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावरच चिडले. मूल माझं, पलंग बघणारी तू कोण? मग त्या नळाची आठवण झाली आणि मला रडू आलं. तिथे उभं राहायची तिची जागा ठरून गेली होती, आणि ती मी ठरवली होती.

काल उजळणीला पुन्हा मैदानात गेलो. "दोनदोनच्या जोड्या करा," मी म्हटलं. ती नळाकडे निघाली. मी हाक मारली, "थांब. आज मला पण धरा." मॉनिटर म्हणाला, "बाई, शिक्षक धरायचे नसतात!" मी म्हटलं, "कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" अडतीस झाले. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हातही धरला नाही. पण सरकलीही नाही.

रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. तुला बाजूला काढायला नको होतं." ती भात चिवडत राहिली. चिवडता चिवडताच म्हणाली, "सगळ्यांची पाळी लावायची ना, आई. मी पण उभी राहीन माझ्या पाळीला." बारा वर्षांच्या पोरीला सुचलं ते वीस वर्षं शिकवणाऱ्या मला सुचलं नाही. मग मी विचारलं, मावशीकडे जायचंच का? म्हणाली, "अजून ठरवलं नाही."

तेव्हा मी तिला अडवणार नाही. यायचं म्हणाली तर स्वतः आणून सोडेन, आणि तुझ्याकडे ती सुखात राहील याची मला खात्री आहे. तीच मला टोचते. सोमवारपासून पाळ्या लावतेय, पहिल्या पाळीला उरणाऱ्याबरोबर नळापाशी मीही.

पलंग मात्र इतक्यात घेऊ नकोस, ताई.

तुझी,
धाकटी